ते ९३ जण कुठे बसतात?

शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे आपण ज्याला नुसतं एफ अँड ओ म्हणतो त्यात, एक कोटीहून जास्त सामान्य माणसं उतरली. त्यांतल्या ९३ टक्के माणसांनी पैसे घालवले. माणशी सरासरी दोन लाख. सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखाहून जास्त नफा घरी नेणारे शंभरात एक.

आता बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलच्या कुठल्याही डब्यात चढा. तळजाईवर फिरून आल्यावर चहाला थांबणाऱ्या कुठल्याही टोळक्यात उभे राहा. तालुक्याच्या गावी बाजार समितीबाहेरच्या टपरीवर बसा. शेअरची चर्चा चालू असणारच, आणि जो तो नफ्यात असणार. एकाचा बँक निफ्टीचा कॉल दुप्पट झालेला असतो, दुसऱ्याला आयपीओ लागलेला असतो, तिसऱ्याने कुठला तरी सरकारी शेअर तीनशेला घेऊन अडीच हजारांना विकलेला असतो. सेबीने हे आकडे लोकांना विचारून काढलेले नाहीत, प्रत्यक्ष व्यवहारांच्या नोंदींवरून काढले आहेत. मग शंभरातले ते ९३ जण बसतात कुठे?

तिथेच बसतात. त्याच बाकावर, त्याच चहाच्या ग्लासावर. फक्त बोलत नाहीत. किंवा बोलतात, पण मागच्या महिन्यात झालेल्या आठ हजारांच्या नफ्याबद्दल. त्याच्या आधीच्या वर्षात गेलेल्या सव्वादोन लाखांचा विषय निघत नाही. मला या न निघणाऱ्या विषयाबद्दलच बोलायचं आहे, कारण त्या गप्प बसण्याने माणसं बुडताहेत.

गप्पांच्या या कट्ट्यांवर माझा राग नाही, जिव्हाळा आहे. पैशाबद्दल मोकळं बोलायची दुसरी जागा आपल्याकडे उरली कुठे? शाळेत चक्रवाढ व्याजाची गणितं सोडवून घेतात, पण पगारातून कापलेल्या पीएफचं काय होतं हे कुणी सांगत नाही. सेबीकडे नोंदलेले गुंतवणूक सल्लागार अख्ख्या देशात मिळून हजाराच्या आतबाहेर. एवढ्या मोठ्या देशाला ते पुरणार कसे? तेव्हा शिकवण्याचं काम कट्ट्यानेच केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेतून हजारच रुपये काढता येतील असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं, तेव्हा ठेवीवर विमा असतो आणि तो फक्त एक लाखाचा आहे, हे मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून कळलं. ती मर्यादा पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि तेही अनेकांना अशाच गप्पांतून समजलं. निवृत्त कारकुनाला पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचा फॉर्म भरून देणारा सहप्रवासी मी पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला, त्या आठवड्यात एसआयपी चालू ठेव असं मित्राला ठामपणे सांगणारेही याच कट्ट्यावरचे होते. एवढी ताकद असलेली जागा अर्धंच खरं बोलते, हे माझं दुखणं आहे.

अर्धं का बोलते? त्याला आपल्या घरांचा इतिहास आहे. शेअर म्हणजे सट्टा, असं ज्यांच्या वडिलांनी बजावलं त्यांची पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. वडिलांनी ते उगाच बजावलं नव्हतं. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर गेला, एसीसीचा शेअर दोनशेच्या घरातून नऊ हजारांच्या घरात पोचला, गिरगाव-दादरच्या चाळींतून माणसं पहिल्यांदाच दलाल स्ट्रीटचा पत्ता विचारू लागली. त्याच महिन्यात पत्रकार सुचेता दलाल यांची घोटाळ्याची बातमी छापून आली आणि शेअर दलाल हर्षद मेहताचा डोलारा कोसळला. बँकांचं काय झालं त्यावर पुस्तकं आली. पण ज्यांनी सोसायटीचं कर्ज काढून त्या एप्रिलमध्ये शेअर घेतले होते, त्यांच्या घरात त्या विषयाला कुलूप लागलं. पुढे कुणी शेअरचं नाव काढलं की जेवणाच्या ताटावर भांडण व्हायचं.

मग ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच घोटाळ्यावरची वेबमालिका आली. लॉकडाऊन होतं, मोबाइलवर दहा मिनिटांत डीमॅट खातं उघडत होतं, आणि घरी बसलेल्या मुलांना त्या मालिकेतले संवाद पाठ झाले. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली आणि २०२५ मध्ये वीस कोटींवर. नोंदलेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्र पहिला. म्हणजे भीती गेली. चांगलंच झालं. पण लाज तशीच राहिली. मुलगा वडिलांचं न ऐकता बाजारात उतरला, आणि तोटा झाला असं सांगणं म्हणजे वडील बरोबर होते असं कबूल करणं. ते तो कसं करेल? नफा झाला की पेढे, तोटा झाला की मोबाइल पालथा.

कट्ट्यावर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य घ्या: "अजून बुक केला नाही ना, मग लॉस कसला?" हे वाक्य मी शिकलेल्या, हिशेबाच्या खात्यात नोकरी करणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. दुसऱ्याच्या ताळेबंदात ही चूक ते क्षणात पकडतील.

येस बँकेचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये भाव चारशेच्या आसपास होता. तिथून तो तीनशेला आला तेव्हा कट्ट्याने सांगितलं, स्वस्तात मिळतोय, अ‍ॅव्हरेज कर. दोनशेला आला, अजून अ‍ॅव्हरेज कर. शंभराला आला, आता खाली जाऊन जाऊन जाणार कुठे? ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खातेदारांना पन्नास हजारांची मर्यादा आली, आणि दुसऱ्या दिवशी शेअर बाजार चालू असतानाच सहा रुपयांच्या खाली जाऊन आला. मग वाचवण्याची योजना आली आणि तिच्यात एक अट होती: ज्यांच्याकडे शंभराहून जास्त शेअर आहेत, त्यांना त्यातले ७५ टक्के तीन वर्षं विकता येणार नाहीत. "बुक केला नाही म्हणजे लॉस नाही" म्हणणाऱ्यांना आता बुक करायची सोयही राहिली नाही. मार्च २०२३ मध्ये कुलूप उघडलं तेव्हा भाव होता पंधरा-सोळा रुपये. सोळाचे पुन्हा चारशे व्हायला शेअर पंचवीसपट व्हावा लागतो. पन्नास टक्के पडलेला शेअर पन्नास टक्के वर आला की बरोबरी होते, असं समजणारे लोक मला आजही भेटतात. शंभराचे पन्नास झाले, पन्नासवर पन्नास टक्के म्हणजे पंचाहत्तर. मूळ शंभर परत यायला पन्नासाचे दुप्पट व्हावे लागतात. एवढं चौथीतलं गणित जर कट्ट्यावर कुणी तोटा मांडून सोडवलं असतं, तर अ‍ॅव्हरेज करणाऱ्या निम्म्या माणसांनी हात आखडता घेतला असता.

आणि "हा शेअर फक्त अकरा रुपयांचा आहे" हा युक्तिवाद तर बंदच करा. अकरा रुपयांच्या शेअरची कंपनी चार हजारांच्या शेअरच्या कंपनीपेक्षा महाग असू शकते. भाव किती हे विचारू नका. कंपनी कमावते किती, तिच्यावर कर्ज किती आणि प्रवर्तकाने आपले शेअर गहाण ठेवलेत का, हे विचारा. तिन्ही उत्तरं शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. कट्ट्यावर ती कुणी विचारत नाही, कारण विचारलं की गप्पांचा रंग जातो.

पण शेअर घेऊन ठेवणारा माणूस निदान एका कंपनीचा मालक तरी असतो. माझी खरी काळजी एफ अँड ओवाल्यांची आहे, आणि त्यातही तरुणांची. सेबीच्या त्याच अभ्यासात आहे की तिशीच्या आतल्या ट्रेडरांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तीन चतुर्थांशाहून जास्त ट्रेडरांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या खाली दाखवलं आहे. डिलिव्हरी बॉय, बी.कॉम. करणारी मुलं, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेली मुलं, कंत्राटी नोकरीत अडकलेले इंजिनीअर. पगाराने काही होणार नाही हे त्यांना कळून चुकलं आहे, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नाही. चौदा-पंधरा हजारांच्या पगारात पुण्यात खोलीचं भाडं भरून माणूस शिल्लक काय टाकणार? त्याला कुणी तरी दाखवतं की एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या, दिवशी दुपारी दोन रुपयांचा ऑप्शन चाळीसला गेला. मग मंगळवारी निफ्टीची एक्स्पायरी आणि गुरुवारी सेन्सेक्सची. आठवड्यातून दोनदा नशीब उघडण्याची शक्यता. कामावर बाथरूममध्ये जाऊन ऑर्डर टाकणारी मुलं आहेत.

समोर कोण बसलंय हे या मुलांना कट्टा सांगत नाही. २०२३-२४ या एका वर्षात सामान्य ट्रेडरांनी खर्च धरण्याआधीच ६१ हजार कोटी गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या बड्या दलाल संस्थांनी ३३ हजार कोटी कमावले आणि परदेशी संस्थांनी २८ हजार कोटी. बेरीज करून पाहा. आणि या दोघांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग संगणकाच्या आज्ञावलींनी, म्हणजे अल्गोने, केलेल्या व्यवहारांतून आला. आपला मुलगा अंगठ्याने बटण दाबेपर्यंत पलीकडच्या यंत्राचे शेकडो सौदे झालेले असतात. तो मूर्ख आहे म्हणून हरत नाही. हुशार असूनही हरतो, आणि हुशार असल्यामुळे पुन्हा खेळतो.

वर खर्च वेगळा. तीन वर्षांत सामान्य ट्रेडरांनी दलाली, बाजाराची फी आणि कर मिळून पन्नास हजार कोटींच्या आसपास भरले. जिंकलं तरी भरायचे, हरलं तरी भरायचे. दर सौद्याला वीस रुपये म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्याने वर्षाच्या वीस रुपयांची बेरीज एकदा करावी. सेबीच्या हिशेबाने २०२३-२४ मध्ये असा सगळा खर्च माणशी सरासरी २६ हजार होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने नियम कडक केले. कराराची किमान किंमत १५ लाख केली, साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक बाजाराला एकच ठेवली. तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच होते आणि त्यांचा निव्वळ तोटा ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर गेला. हे आकडे वाचून मला संताप येतो तो मुलांचा नाही. कट्ट्यावरच्या वडीलधाऱ्यांचा येतो. स्वतः दोनदा पोळलेला काका तिथेच बसलेला असतो, आणि पुतण्याच्या वयाचा मुलगा मोबाइलवर हिरवा आकडा दाखवतो तेव्हा "शाब्बास, पण जपून" एवढंच म्हणतो. काका, तुमचे चार लाख साठ हजार गेले ते सांगा ना त्याला! आकड्यासकट सांगा. कुठल्या दिवशी, कुठल्या पुटमध्ये, आणि त्यासाठी कुठलं कर्ज काढलं होतं तेही सांगा. दहा व्हिडिओंनी होणार नाही ते काम तुमच्या त्या एका वाक्याने होईल.

"शिकण्याची फी" असं त्या तोट्याला म्हणण्याची रीत आहे. फी भरली तर शिक्षण दिसायला हवं. सलग तोटा सोसूनही ७५ टक्क्यांहून जास्त लोक एफ अँड ओ करतच राहिले, असं सेबीला आढळलं. याला फी म्हणू नका.

आता सर्वांत वाईट भाग. आपल्या गप्पांत फक्त नफाच दिसतो, ही गोष्ट चोरांनी नीट पाहून ठेवली आहे. अनोळखी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुम्हाला ओढलं जातं. तिथे शंभर-दीडशे लोक असतात, रोज कुणी ना कुणी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकतो, "सरांमुळे घराचा हप्ता सुटला" असं लिहितो. त्यातले बहुतेक सगळे चोराचीच माणसं असतात. मग एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतात, त्यात तुमचे पन्नास हजार आठवड्यात ऐंशी झालेले दिसतात, आणि काढायला गेलं की आधी कर भरा, मग फी भरा. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी यात अडकले. लोक विचारतात, एवढी शिकलेली माणसं फसतात कशी? अशीच फसतात! तीस वर्षं ज्या खऱ्या कट्ट्यावर बसले तिथेही कुणी तोटा सांगितला नव्हता. सगळेच नफ्यात असलेला ग्रुप त्यांना विचित्र वाटलाच नाही. (पैसे गेले असतील तर लाज बाळगत बसू नका, १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. आठ दिवस कुणाला न सांगता घालवले की ती आशाही संपते.)

जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेसच्या दुकानासमोर जमलेली गर्दी आठवा. खड्यांच्या दागिन्यांवर दर आठवड्याला टक्क्यांनी परतावा. भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत सगळे त्यात होते. पहिले काही महिने पैसे खरोखर येत होते आणि ते आलेले पैसे शेजारणीने शेजारणीला दाखवले. नगर जिल्ह्यात शेवगावकडच्या गावांत शेअर मार्केटच्या नावाखाली तसंच झालं: आधी ज्याला परतावा मिळाला त्याने पाहुण्यांना आणलं. पैसे यायचे थांबले तेव्हा मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही. आणखी आठवडाभर वाट पाहिली आणि त्या आठवड्यात नवे लोक पैसे भरून गेले.

आयपीओबद्दल एवढंच. रिलायन्स पॉवरच्या वेळी, जानेवारी २००८ मध्ये, अख्खा महाराष्ट्र अर्ज भरत होता. सामान्यांना ४३० रुपयांना शेअर मिळाला, ११ फेब्रुवारीला नोंदणीच्याच दिवशी तो ३७२ वर बंद झाला. लागला म्हणून ज्यांनी पेढे वाटले होते त्यांच्यापैकी कुणी नंतर काय झालं ते सांगितलं नाही, म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमला २,१५० रुपयांनी अर्ज भरणारी नवी पिढी तितक्याच उत्साहात होती. तो पहिल्याच दिवशी २७ टक्के पडला.

आणि अर्थव्यवस्था? ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजारांनी चढला, तेव्हा डब्यात देश महासत्ता झाला होता. ४ जूनला तो ४,३८९ अंकांनी पडला आणि त्याच डब्यात देशाचं वाटोळं झालं. दोन्ही दिवशी कांद्याला लासलगावात मिळणारा भाव आणि डोंबिवलीत द्यावा लागणारा भाव यांतलं अंतर जिथल्या तिथे होतं. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह व्याजदर पाव टक्क्याने उतरवणार की अर्ध्याने, यावर तासभर बोलणाऱ्या माणसाला मी विचारतो, तुमच्या मेडिक्लेममध्ये खोलीच्या भाड्याची मर्यादा किती आहे? माहीत नसते. परदेशी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ९४ हजार कोटींचे शेअर विकले हे माहीत असतं, पण आपल्या गृहकर्जाचा व्याजदर रेपो कमी झाल्यावर उतरला का, हे बँकेला विचारलेलं नसतं. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर एका टक्क्याने खाली आला. ज्यांचं कर्ज जुन्या पद्धतीच्या दरावर अडकलं आहे, त्यांनी अर्ज करून ते बदलून घेतलं तर महिन्याला वाचणारी रक्कम त्यांच्या वर्षभराच्या इंट्राडेच्या नफ्याहून जास्त असू शकते. जोखीम शून्य. पण त्यात सांगण्यासारखा किस्सा नाही.

तोटा सांगण्याचे फायदे निव्वळ मनाचे नाहीत, रुपयांचेही आहेत. एफ अँड ओमधला तोटा प्राप्तिकराच्या दृष्टीने धंद्यातला तोटा असतो. मुदतीत विवरणपत्र भरून तो दाखवला तर पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. शेअर विकून झालेला भांडवली तोटाही आठ वर्षं पुढे नेता येतो. पण माणसं तो विवरणपत्रातही लपवतात! पगारदाराचा साधा फॉर्म भरून मोकळे होतात, कारण आयटीआर-३ भरायचा तर सीएकडे जावं लागतं आणि सीए बायकोच्या माहेरचा असतो. व्यवहारांची नोंद कर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आपोआप येते. मग नोटीस येते. म्हणजे पैसे गेले, वजावट गेली आणि जी गोष्ट घरापासून लपवायची होती ती टपालाने घरीच आली.

घर म्हणजे कोण, हेही उघड बोलू. शेअर बाजारातल्या नोंदलेल्या गुंतवणूकदारांत बायका साधारण चारात एक आहेत, आणि कट्ट्यावर तेवढ्याही नाहीत. पण तोटा भरून काढायला जे सोनं गहाण पडतं ते त्यांचं असतं. सोनेतारण कर्जाच्या कागदावर सही करताना तिला सांगितलं जातं, ऑफिसची अडचण आहे. ज्या घरात महिन्याच्या किराण्याची यादी दोघं मिळून करतात त्या घरात तीन लाखांचा सौदा एकट्याने का होतो? भिशीत वीस जणींचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला डीमॅटचं विवरण कळणार नाही, असं कुणाला वाटतं? तिला दाखवा. पासवर्डसुद्धा.

कारण लपवण्याची सवय फक्त तोट्यापुरती राहत नाही, मिळकतही तशीच लपून राहते. डीमॅटला वारस नेमलेला नसतो, जुन्या कंपन्यांची कागदी प्रमाणपत्रं ट्रंकेत असतात, बँक बदलल्यावर लाभांश जुन्याच खात्याकडे जात राहतो. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की कायद्याने ते शेअर केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे वर्ग होतात. परत मिळतात, पण आधी कंपनीकडे कागद, मग वारसाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, आयईपीएफ-५ हा फॉर्म आणि मग कितीतरी महिन्यांची वाट. त्या फॉर्मवर सही करायला अनेकदा जी उभी असते तिला हे शेअर घरात आहेत, हे नवरा असेपर्यंत कधी कळलेलंच नसतं.